अकरा बिग ब्लाइंड आणि अठ्ठ्यांची जोडी: ऑल-इन जायला हवे होते का?

मधलीजोडी (प्रश्न)

नमस्कार. मी काही वर्षांपासून नो-लिमिट होल्डेम पोकरच्या टूर्नामेंट खेळतो आहे. स्टॅक, म्हणजे समोरच्या चिप्सचा साठा, मोठा असताना काय करायचे हे मला बऱ्यापैकी कळते. पण तो दहा-बारा बिग ब्लाइंडवर, म्हणजे दर डावाआधी सक्तीने भरायच्या मोठ्या रकमेच्या दहा-बारा पटीवर, आला आणि हातात सत्त्या, अठ्ठ्या, नव्व्या किंवा दश्श्यांची जोडी आली की प्रत्येक वेळी माझा निर्णय वेगळा होतो आणि नंतर तो चुकलाच असे वाटत राहते. एकाच टूर्नामेंटमधले दोन डाव सविस्तर लिहितो. यात नेमके कोठे चुकले ते जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

पहिल्या डावाच्या वेळी ब्लाइंड (स्मॉल आणि बिग) १,०००-२,००० होते आणि बिग ब्लाइंडवाल्याने वेगळी भरायची सक्तीची रक्कम, म्हणजे अँटी, २,००० होती. टेबलावर आम्ही आठजण होतो आणि माझ्याकडे २२,००० चिप्स होत्या. पहिल्या दोघांनी पत्ते टाकले, माझा क्रमांक तिसरा होता आणि माझ्या हातात इस्पिक आणि किल्वर अशा दोन्ही काळ्या अठ्ठ्या होत्या. माझ्यामागे पाचजण बोलायचे बाकी होते. एवढ्या जोडीवर सगळा स्टॅक लावायला, म्हणजे ऑल-इन जायला, मन धजेना, म्हणून मी ४,५०० चे रेझ केले, म्हणजे बोली तेवढी वाढवली. बटनवरच्या (वाटणाऱ्याच्या जागेवरच्या) खेळाडूने कॉल केला, म्हणजे तेवढेच लावले, आणि बिग ब्लाइंडनेही केला. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन सामाईक पत्त्यांत, बदाम राजा, चौकट दश्शी आणि बदाम पंजी आली. बिग ब्लाइंडने चेक केले (काही न लावता पाळी पुढे दिली), मीही केले, बटनवाल्याने ६,००० लावले, बिग ब्लाइंडने पत्ते टाकले आणि मीही टाकले. उरलेल्या १७,५०० चिप्स समोर नीट रचताना, निदान स्पर्धेत टिकून तर आहोत, असे मला वाटले होते.

त्यानंतर एकदा स्टॅक दुप्पट झाला. दुसरा डाव बबलवरचा, म्हणजे बक्षिसाच्या उंबरठ्यावरचा, आहे. १९ खेळाडू उरले होते आणि बक्षिसे १८ जणांना होती. ब्लाइंड १,५००-३,००० आणि अँटी ३,००० होती. मी बिग ब्लाइंडमध्ये होतो, डाव सुरू होताना माझ्याकडे ३६,००० होते आणि ब्लाइंड व अँटी भरून ३०,००० उरले. सगळ्यांनी पत्ते टाकत आणले आणि कट-ऑफवर (बटनच्या लगेच आधीच्या जागेवर) बसलेला, माझ्यापेक्षा दुपटीहून मोठा स्टॅक असलेला खेळाडू ऑल-इन गेला. मी पत्ते उचलून पाहिले तर नव्व्यांची जोडी होती. दुसऱ्या टेबलावर तीन-तीन ब्लाइंड उरलेले दोघेजण असल्याचे मला माहीत होते. मी बराच वेळ विचार केला आणि कॉल केला. त्याने एक्का-राणी दाखवली, टर्नवर (चौथ्या सामाईक पत्त्यावर) राणी पडली आणि मी बक्षिसाविना एकोणिसावा बाहेर पडलो.

माझ्या मते पहिल्या डावात मी सावधपणे खेळलो आणि दुसऱ्यात उतावीळपणे. हे बरोबर आहे का?

सावकाश

आपण दोन्ही डाव आकड्यांसह लिहिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. माझे मत आपल्या नेमके उलट आहे. बाहेर काढले ते दुसऱ्या डावाने, म्हणून मनाला तोच बोचतो आहे. पण खरी चूक पहिल्या डावात झाली. त्या डावात आपण ४,५०० चिप्स, म्हणजे स्टॅकचा पाचवा हिस्सा, फ्लॉपवर एकही चिप न लावता घालवला आणि तो गेल्याचे दुःखही झाले नाही, म्हणून ती चूक चूक वाटलीच नाही.

आधी आपल्या स्टॅकची खरी स्थिती पाहू. टेबलाची एक फेरी पूर्ण होईपर्यंत आपल्याला १,००० चा स्मॉल ब्लाइंड, २,००० चा बिग ब्लाइंड आणि २,००० ची अँटी, असे ५,००० द्यावे लागत होते. स्टॅकला या रकमेने भागून येणाऱ्या आकड्याला पॉल मॅग्रिएल यांच्या नावावरून ‘एम’ म्हणतात. आपला एम ४.४ होता, याचा अर्थ काहीच न खेळता आपण जेमतेम साडेचार फेऱ्या काढल्या असत्या, आणि तेही ब्लाइंड वाढलेच नाहीत तर.

आता अठ्ठ्यांची जोडी फ्लॉपवर कशी दिसते ते पाहा. आपल्या हातातले दोन पत्ते वगळले तर उरलेल्या ५० पत्त्यांपैकी २४ पत्ते अठ्ठीपेक्षा मोठे आहेत, आणि तीन पत्त्यांच्या फ्लॉपवर त्यातला एक तरी पडण्याची शक्यता सुमारे ८७ टक्के आहे. तिसरी अठ्ठी मात्र शंभरात बाराच वेळा सापडते. म्हणजे लहान रेझ करून फ्लॉप पाहायचा ठरवला की बहुतेक वेळा समोर राजा, राणी किंवा दश्शी पडलेली असणार आणि आपण पुढे आहोत की मागे याचा पत्ता लागणार नाही. आपल्या बाबतीत अगदी हेच घडले. त्या बटनवाल्याच्या हातात राजा असेल, सत्त्यांची जोडी असेल किंवा नुसते बदामचे दोन पत्तेही असतील. आपल्याला ते कधीच कळणार नाही, आणि अकरा ब्लाइंडच्या स्टॅकने ते शोधण्याची किंमत परवडणारी नव्हती.

मधल्या जोडीचे सगळे बळ फ्लॉपच्या आधी असते. एक्का-राजा वेगवेगळ्या चिन्हांचे असतील तर पाचही पत्ते उघडेपर्यंत त्यांच्याविरुद्ध अठ्ठ्या शंभरात सुमारे ५५ वेळा जिंकतात, एकाच चिन्हाचे असतील तर सुमारे ५२ वेळा. एक्का-पंजीसारख्या हाताविरुद्ध, ज्यात एकच पत्ता अठ्ठीपेक्षा मोठा आहे, त्या सत्तरच्या आसपास वेळा जिंकतात. खालच्या जोडीविरुद्ध ऐंशीच्या थोड्या वर, आणि वरच्या जोडीविरुद्ध मात्र जेमतेम एकोणीस वेळा. मात्र हे आकडे पाचही पत्ते पाहायला मिळतात असे धरून काढलेले आहेत. फ्लॉपवर पत्ते टाकणाऱ्याला ते ५५ किंवा ७० टक्के कधीच मिळत नाहीत.

मग थेट ऑल-इन गेला असतात तर काय झाले असते? सगळे घाबरतात ते मागे बसलेल्या वरच्या जोडीला. नव्व्यांपासून एक्क्यांपर्यंत सहा जोड्या, प्रत्येकी सहा प्रकारे, म्हणजे ३६ हात. समोरच्याला येऊ शकणारे एकूण हात १,२२५. पाचजणांपैकी निदान एकाकडे अशी जोडी असण्याची शक्यता १४ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे सातांतून सहा वेळा मागे वरची जोडी नसतेच.

एक अंदाज मांडतो. समजा मागचा प्रत्येकजण नव्व्या व त्यावरच्या सगळ्या जोड्या, उरलेल्या अठ्ठ्या, सत्त्या, छक्क्या, एक्का-राजा, एक्का-राणी आणि एकाच चिन्हाचे एक्का-गुलाम किंवा राजा-राणी, एवढ्या हातांनी कॉल करतो. हे ८९ हात होतात, सुमारे सव्वासात टक्के. पाचहीजण पत्ते टाकतील अशी शक्यता मग ६८-६९ टक्के येते आणि तेवढ्या वेळा टेबलावरचे ५,००० आपल्याकडे येतात. आपला स्टॅक पत्ते न उघडता जवळजवळ २३ टक्क्यांनी वाढतो. कॉल आलाच, तर या रेंजविरुद्ध, म्हणजे एवढ्या हातांच्या संचाविरुद्ध, अठ्ठ्या सुमारे ४३ टक्के वेळा जिंकतात. ४३ हा आकडा वाईट वाटतो, पण पॉट (टेबलावर जमलेली रक्कम) ४९,००० चा असतो आणि त्यात ब्लाइंड-अँटीचे पैसे कुणा तिसऱ्याचे असतात, त्यामुळे प्रत्येक कॉलमागे सरासरी नुकसान ७००-८०० चिप्सचेच होते. कॉल करणारा स्वतः ब्लाइंडमधला असेल तर दीड हजारापर्यंत. दोन्ही बाजू एकत्र केल्या की ऑल-इनची सरासरी कमाई ढोबळमानाने ३,००० चिप्स निघते, म्हणजे दीड बिग ब्लाइंड. आपण तिथे ४,५०० गमावलेत.

यात एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही, म्हणून वेगळी लिहितो. बटनवाल्याने आपल्या ४,५०० ला राजा-गुलाम किंवा राणी-दश्शी घेऊन कॉल केला असण्याची बरीच शक्यता आहे. हे हात अठ्ठ्यांविरुद्ध पाचही पत्ते पाहिले तर शंभरात ४५ ते ४९ वेळा जिंकतात. आपण ऑल-इन गेला असतात तर यातले बहुतेक हात त्याने टाकून दिले असते, म्हणजे पॉटवरचा जवळजवळ अर्धा हक्क फुकट सोडला असता. लहान रेझने तो हक्क आपणच त्याला स्वस्तात विकला.

निळीचिप

सावकाश यांचे गणित मला मान्य आहे, पण टूर्नामेंट म्हणजे नुसत्या चिप्सची बेरीज-वजाबाकी नव्हे. गेलेल्या चिप्स परत येऊ शकतात, बाहेर पडलेला खेळाडू परत येत नाही. पहिल्या डावात रेझ करणे चुकले, इथपर्यंत मी सहमत आहे. मी मात्र तिथे अठ्ठ्या सरळ टाकल्या असत्या आणि चांगल्या पत्त्यांची किंवा चांगल्या जागेची वाट पाहिली असती. पाचजण मागे असताना सगळा स्टॅक अशा जोडीवर लावावा, इतकी घाई चार फेऱ्या हाताशी असताना नव्हती.

दुसऱ्या डावाबद्दल तर मला अजिबात शंका नाही. एकचजण बाहेर पडायचा उरला आहे, दुसऱ्या टेबलावर दोघे तीन-तीन ब्लाइंडवर बसले आहेत, आणि आपल्याकडे पत्ते टाकूनही दहा ब्लाइंड उरतात. अशा वेळी नव्व्या घेऊन मोठ्या स्टॅकला कॉल करण्यात शहाणपण नाही. तिथे पत्ते टाकले असते तर बक्षीस जवळजवळ हातात होते.

गणितीपान

निळीचिप यांच्या दोन मुद्द्यांपैकी पहिला मला पटत नाही आणि दुसरा अर्धा पटतो.

वाट पाहायची ती कशाची? अठ्ठ्या किंवा त्याहून वरची जोडी येण्याचे १,३२६ मध्ये ४२ हात आहेत, म्हणजे सरासरी ३२ डावांत एकदा. आठजणांच्या टेबलावर ३२ डाव म्हणजे बरोबर चार फेऱ्या. प्रश्नकर्त्याचा स्टॅक साडेचार फेऱ्यांत संपणार होता. अठ्ठ्या टाकून त्यांच्याइतकीच जोडी पुन्हा येण्याची वाट पाहिली असती, तर ती येईपर्यंत हातात एक-दोन ब्लाइंड उरले असते, आणि तेवढ्यांच्या ऑल-इनला बिग ब्लाइंडवाला कोणतेही दोन पत्ते घेऊन कॉल करतो. अकरा ब्लाइंडच्या ऑल-इनला लोक पत्ते टाकतात, हाच लहान स्टॅकचा शेवटचा आधार असतो, आणि प्रत्येक फेरीगणिक तो झिजत जातो. वाट पाहण्याचीही किंमत असते, फक्त ती ब्लाइंडच्या रूपाने थोडी थोडी जाते म्हणून दिसत नाही. एक्का-दश्शी, राजा-राणी अशा हातांनीही ऑल-इन जाता येते हे खरे. पण जो ते हात घेऊन जाईल त्याने अठ्ठ्या टाकण्याचे कारण उरत नाही.

आता बबल. इथे निळीचिप यांच्या म्हणण्यात मोठे तथ्य आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे. टूर्नामेंटमध्ये चिप्स दुप्पट झाल्या म्हणून बक्षिसाची अपेक्षा दुप्पट होत नाही. हे मोजण्याच्या पद्धतीला आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) म्हणतात, आणि तिच्या मुळाशी डेव्हिड हारविल यांनी १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतीसारख्या अनेक स्पर्धकांच्या स्पर्धांसाठी मांडलेले सूत्र आहे: पहिले येण्याची शक्यता चिप्सच्या प्रमाणात धरायची, मग पहिल्याला बाजूला काढून उरलेल्यांत तेच प्रमाण पुन्हा लावायचे.

सर्वांत सोपे उदाहरण घेतो. चौघे उरले आहेत, चौघांचे स्टॅक सारखे आहेत आणि बक्षिसे तिघांना, एकूण रकमेच्या ५०, ३० आणि २० टक्के. प्रत्येकाचा वाटा २५ टक्के. समोरचा ऑल-इन गेला आणि आपण कॉल करून जिंकलो, तर अर्ध्या चिप्स आपल्याकडे येतात. मग आपण पहिले येण्याची शक्यता ५० टक्के, दुसरे येण्याची ३३ आणि तिसरे येण्याची १७. त्यावरून आपला वाटा ३८.३ टक्के होतो. हरलो तर शून्य. म्हणजे २५ धोक्यात घालून ३८.३ मिळणार असतील, तर कॉल करायला आपला हात शंभरात ६५ वेळा जिंकायला हवा. ब्लाइंडचे पैसे यात धरलेले नाहीत, ते धरले तर आकडा थोडा खाली येईल. पण नुसत्या चिप्सचा विचार केला तर जिथे ५० पुरले असते, तिथे ६५ लागतात, हे मुख्य आहे.

अठ्ठ्यांची जोडी कोणत्याही दोन पत्त्यांविरुद्ध, म्हणजे समोरचा न पाहता ऑल-इन गेला असे धरले तरी, ६९ टक्के जिंकते. ६५ ची अट ती जेमतेम ओलांडते, आणि समोरचा जरा निवडून खेळणारा असेल तर ओलांडतच नाही. याच परिस्थितीत तेच अठ्ठ्यांचे पत्ते घेऊन आपण आधी ऑल-इन गेलो, तर ही ६५ ची अडचण समोरच्यापुढे उभी राहते आणि त्याला एक्का-गुलामसुद्धा टाकावा लागतो. म्हणून माझे ठाम मत आहे की मधली जोडी हा आधी लावण्याचा हात आहे, नंतर कॉल करण्याचा नाही.

तरीही प्रश्नकर्त्याच्या नव्व्यांना हे ६५ जसेच्या तसे लावता येणार नाही. तिथे चौघे नव्हे तर १९ जण उरले होते, आणि एवढ्या मोठ्या टूर्नामेंटमध्ये शेवटचे बक्षीस वरच्या बक्षिसांच्या मानाने लहान असते, त्यामुळे बबलचा दाब या उदाहरणाइतका तीव्र नसतो. शिवाय ६,००० चिप्स आधीच भरलेल्या होत्या. ३०,००० घालून ७०,५०० चा पॉट मिळणार होता, म्हणजे नुसत्या चिप्सच्या हिशेबाने ४३ टक्के जिंकणे पुरेसे होते.

मग उरतो तो कट-ऑफवाल्याच्या रेंजचा प्रश्न. तो सत्त्या व त्यावरच्या जोड्या, एक्का-गुलाम व त्यावरचे, एकाच चिन्हाचे एक्का-दश्शी आणि राजा-राणी एवढ्यांवरच ऑल-इन जाणारा असेल, तर नव्व्या त्याच्याविरुद्ध सुमारे ४७ टक्के जिंकतात. हे ४३ पेक्षा चारच टक्के अधिक आहेत आणि बबलचा दाब ते सहज गिळून टाकतो. अशा खेळाडूसमोर पत्ते टाकायचे. तो सगळ्या जोड्या, कोणताही एक्का आणि राजा-दश्शी किंवा राणी-गुलाम यांसारखे चांगले चित्रांचे हात घेऊन जाणारा असेल, तर तेच आकडे ६० च्या आसपास जातात आणि १९ जणांच्या बबलवर मी कॉल करीन. दोन लहान स्टॅक दुसऱ्या टेबलावर असल्यामुळे माझी अट आणखी थोडी कडक होईल. पण सतरा टक्क्यांचे अंतर त्याने भरून निघत नाही.

त्यामुळे प्रश्नकर्त्यांनी एवढे सांगावे: तो कट-ऑफवाला आधीच्या दोन-तीन फेऱ्यांत काय करत होता?

मधलीजोडी

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. पहिल्या डावाबद्दल माझे मत बदलले आहे. ३२ डाव आणि साडेचार फेऱ्या हे दोन आकडे शेजारी ठेवून मी कधी पाहिलेच नव्हते.

कट-ऑफवाल्याबद्दल जेवढे आठवते तेवढे सांगतो. बबल सुरू झाल्यापासून ‘हँड-फॉर-हँड’ डाव चालले होते, म्हणजे सगळ्या टेबलांवरचा डाव संपल्याशिवाय पुढचा वाटला जात नव्हता, त्यामुळे पाहायला भरपूर वेळ होता. त्या दोन फेऱ्यांत तो तीनदा ऑल-इन गेला आणि तिन्ही वेळा सगळ्यांनी पत्ते टाकले. तिसऱ्या वेळी त्याने चिप्स मोजल्याही नाहीत. वाटणाऱ्याने दुसरा पत्ता सरकवला, त्याने दोन्ही पत्त्यांचे कोपरे अंगठ्याने उचलून पाहिले आणि लगेच ऑल-इन म्हटले. माझ्या डावातही तसेच झाले. मी कॉल केला त्यामागे हेच होते, पण हरल्यावर ते कारण मला स्वतःलाच पटेनासे झाले.

आणखी एक विचारतो. स्टॅक अकरा नसून पंधरा-सोळा ब्लाइंडचा असेल आणि माझ्या आधी कोणी रेझ केले असेल, तर मधल्या जोडीचे काय करावे? तिथेही मी बहुधा कॉल करून फ्लॉप पाहतो.

गणितीपान

दोन फेऱ्यांत तीनदा, न कचरता, बबलवर मोठा स्टॅक घेऊन ऑल-इन जाणारा खेळाडू रुंद रेंजचाच धरायला हवा, जरी दोन फेऱ्या हा फार छोटा पुरावा असला तरी. आपला कॉल योग्य होता. त्याच्याकडे एक्का-राणी होती, म्हणजे त्या रेंजमधल्या चांगल्या हातांपैकी एक, आणि तरीही पत्ते उघडले तेव्हा आपण ५५ टक्क्यांवर होता. हाच डाव सत्त्या घेऊन असता तर मी इतक्या खात्रीने बोललो नसतो, कारण नव्व्यांच्या खाली असलेल्या अठ्ठ्या आणि सत्त्या या दोन जोड्या मग आपल्या खाली राहत नाहीत.

सावकाश

पंधरा-सोळा ब्लाइंडचा प्रश्न चांगला आहे, कारण माझ्या अनुभवात मधल्या जोडीला सर्वांत जास्त कमाई तिथेच होते. समजा ब्लाइंड तेच १,०००-२,००० आणि अँटी तीच २,००० आहे, बटनवाल्याने ४,४०० चे रेझ केले आहे, आपण स्मॉल ब्लाइंडमध्ये आहात आणि आपल्याकडे ३२,००० आहेत. टेबलावर, आपला भरलेला ब्लाइंड धरून, ९,४०० जमले आहेत. हा आपल्या स्टॅकच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग आहे. बटनवाला त्या जागेवरून बरेच हात घेऊन रेझ करतो आणि आपल्या ऑल-इनला त्यातले निम्म्याहून अधिक टाकतो. नुसता कॉल केलात तर बिग ब्लाइंडही स्वस्तात आत येतो आणि आपण पुन्हा त्याच राजा-दश्शी-पंजीच्या फ्लॉपसमोर, तेही सर्वांत आधी बोलायच्या जागेवर, येऊन बसता. म्हणून इथे अठ्ठ्या घेऊन ऑल-इन.

मात्र हेच रेझ पहिल्या जागेवरून, कमी हात खेळणाऱ्या माणसाने केले असेल, तर ऑल-इनला तो क्वचितच पत्ते टाकतो आणि आपल्या जोडीचे निम्मे बळ तिथेच जाते. अशा वेळी सत्त्या-अठ्ठ्या टाकायला मला काही वाटत नाही; दश्श्या मी लावीन. आणि स्टॅक पंचवीस-तीस ब्लाइंडचा झाला की हा सगळा हिशेब बदलतो, कारण ९,४०० मिळवण्यासाठी ५०-६० हजार धोक्यात घालणे परवडत नाही. तिथे कॉल करून शंभरात बारा वेळा सापडणारी तिसरी अठ्ठी शोधणेही वाईट नसते.

निळीचिप

कट-ऑफवाल्याचे वर्णन वाचल्यावर दुसऱ्या डावाबद्दलचे माझे मत मी मागे घेतो. तो तीनदा ऑल-इन गेला होता हे आधी ठाऊक असते तर तसे लिहिले नसते. बत्तीस डावांचा मुद्दाही मला मान्य करावा लागेल.

एक शंका मात्र राहते. अठ्ठ्यांचे हे गणित छक्क्यांना आणि तिऱ्यांनाही तितकेच लागू होते का? मी पाहतो त्यातले बरेचजण ‘जोडी आहे’ एवढ्यावर पहिल्या जागेवरूनही ऑल-इन जातात.

गणितीपान

तितकेच नाही. पहिल्या जागेवर मागे सातजण असतात. छक्क्यांच्या वर आठ जोड्या आहेत, त्यामुळे सातांपैकी कोणाकडे तरी वरची जोडी असण्याची शक्यता २४ टक्क्यांवर जाते. तिऱ्यांच्या बाबतीत ती ३२ टक्के होते. शिवाय तिऱ्यांविरुद्ध गुलाम-दश्शी एकाच चिन्हाचे असतील तर ते निम्म्याहून थोडे अधिक वेळा जिंकतात, कारण टेबलावर दोन मोठ्या जोड्या पडल्या की तिऱ्यांची जोडी निकामी होते. दहा-अकरा ब्लाइंड आणि अँटी असताना पहिल्या जागेवरून छक्क्या मी लावतो, तिऱ्या टाकतो. बटनवर किंवा स्मॉल ब्लाइंडमध्ये, मागे दोघे किंवा एकच असताना, दोन्ही लावतो.